संकटसमयीचा वाटाड्या : यंत्रमानव आणि आपला विवेक

धनत्रयोदशीच्या सायंकाळी घरातील वडीलधारी स्त्री कणकेचा दिवा करते, त्यात तेलवात घालते आणि दक्षिणेकडे तोंड करून तो उंबऱ्याबाहेर ठेवते. एरवी दक्षिणाभिमुख दिवा लावण्याची आपल्याकडे रीत नाही. हा मान केवळ यमदीपाचा. मृत्यू कोणालाच चुकलेला नाही, हे आपल्या पूर्वजांना पुरते ठाऊक होते. म्हणून त्यांनी यमधर्माजवळ अमरत्व मागितले नाही. अपमृत्यू टळो, अवेळी व अपघाताने येणारे मरण या घराच्या वाट्यास न येवो, एवढेच त्यांनी मागितले. मागणे लहान खरे, पण त्यात किती शहाणपण साठलेले आहे!

वाचकहो, या अपमृत्यूची रूपे काळाप्रमाणे पालटत गेली. एके काळी तो सर्पदंशाने येई, पटकीने येई, नदीच्या पुराने येई. आज तो बंद दालनातील धुरातून येतो, चिंचोळ्या जिन्यावरील रेटारेटीतून येतो, एखाद्या खोट्या आरोळीतून येतो. आणि दुर्दैव असे, की ज्या दिवशी माणसे आनंदाने एकत्र येतात, त्या सणाच्या दिवशीच त्याला अधिक संधी मिळते. अशा वेळी माणसांना सुखरूप बाहेर नेण्याचे काम यंत्रमानवाकडे सोपवता येईल काय, असा प्रश्न जगातील शास्त्रज्ञ गेली कित्येक वर्षे स्वतःला विचारीत आहेत. त्या शोधातून त्यांच्या हाती जे लागले, त्यात यंत्राविषयीचे ज्ञान थोडे आणि मनुष्यस्वभावाविषयीचे अधिक आहे. दीपोत्सवाच्या निमित्ताने त्याचा विचार करणे म्हणूनच अप्रस्तुत ठरू नये.

सणाची गर्दी आणि हरवलेली वाट

आपल्या छत्रपती संभाजीनगरला हा विषय परका नाही. २९ ऑक्टोबर २०१६ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या नरकचतुर्दशीला, तेव्हाच्या औरंगाबादेतील औरंगपुरा भागात जिल्हा परिषदेच्या मैदानावर भरलेल्या फटाका बाजाराला आग लागली. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन असल्याने खरेदीला गर्दी होती. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या शंभराहून अधिक दुकानांची पाहता पाहता राख झाली, वाहने जळाली, धुराचे लोट शहरभर दिसले. मैदान मोकळे होते, दिवस उजेडाचा होता, म्हणून मोठी जीवितहानी टळली. तोच बाजार एखाद्या बंदिस्त इमारतीत असता, तर काय झाले असते, याची कल्पनाही करवत नाही.

पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, विजयादशमीच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर २३ जणांचे प्राण गेले. त्या स्थानकाला आज प्रभादेवी हे नाव आहे. पावसामुळे माणसे जिन्यावर थांबून राहिली होती आणि मागून येणाऱ्यांची रीघ काही थांबत नव्हती. कोणा फूलवाल्याचे फुलांचे ओझे खाली पडले, ‘फूल’ पडल्याची आरोळी ‘पूल’ पडला अशी ऐकली गेली आणि पळापळ सुरू झाली, असे त्या वेळी सांगण्यात आले. एका अक्षराच्या फरकाने माणसांच्या जीवनमरणात अंतर पडावे, यापरते भीषण ते काय?

२५ जानेवारी २००५ ची पौष पौर्णिमा तर महाराष्ट्र विसरू शकत नाही. वाईजवळच्या मांढरदेव येथे काळूबाईच्या यात्रेत नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, दुकानांना लागलेली आग आणि फुटलेले गॅसचे सिलिंडर यांनी मिळून अडीचशेहून अधिक भाविकांचा बळी घेतला.

या साऱ्या घटनांची कारणे निरनिराळी असली, तरी एक गोष्ट सर्वत्र समान आढळते. गर्दीतील माणसाला गर्दी दिसतच नाही; त्याला दिसते ती केवळ समोरच्याची पाठ. दहा हातांवर पुढे काय घडले, हे मागच्यास कळत नाही आणि पुढच्याचा आक्रोश मागे पोहोचत नाही. एका चौरस मीटरात सहा-सात माणसे दाटली, की पाऊल टाकणे आपल्या हाती उरत नाही. लाटेवरच्या काडीप्रमाणे माणूस वाहू लागतो. अशा गर्दीतील बहुतेक मृत्यू पायदळी तुडवले जाऊन नव्हे, तर उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतात. अशा घडीला हवा असतो तो एक विश्वासाचा आवाज, ज्याला वाट ठाऊक आहे आणि जो स्वतः घाबरलेला नाही.

यंत्रमानव वाटाड्या

यंत्रमानवाची कल्पना येथेच पुढे येते. यंत्राला भय नाही, धुराने त्याचा जीव गुदमरत नाही, घरी वाट पाहणारी मुलेबाळे त्याला आठवत नाहीत. डोळ्यांना जे दिसत नाही, ते उष्णतेवरून प्रतिमा टिपणारा त्याचा कॅमेरा पाहू शकतो. एकच सूचना न दमता, आवाज न चढवता, मराठीत, हिंदीत, हव्या त्या भाषेत ते शंभर वेळा सांगू शकते.

दक्षिण कोरियातील देगू शहरात १८ फेब्रुवारी २००३ रोजी भुयारी रेल्वेस आग लागून १९२ जण मृत्यू पावले. त्या दुर्घटनेतील सर्वांत हृदयद्रावक भाग असा, की मृतांपैकी बहुसंख्य प्रवासी आग लागलेल्या गाडीतले नव्हते. समोरच्या मार्गावर मागाहून येऊन थांबलेल्या दुसऱ्या गाडीतले होते. त्यांना जागेवरच बसून राहण्यास सांगण्यात आले. त्यांनी आज्ञा पाळली. पुढे चालक गाडीची किल्ली काढून घेऊन निघून गेला आणि बऱ्याच डब्यांची दारे उघडलीच नाहीत. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवून बसलेली माणसे बसल्या जागीच संपली.

त्याच देशातील संशोधकांनी २००९ मध्ये एक छोटा, हातात मावेल असा वाटाड्या यंत्रमानव जगापुढे मांडला. अग्निशमन दलाच्या जवानाने तो पेटत्या इमारतीत फेकावा, त्याने आतले तापमान व वायू मोजावेत, कॅमेऱ्याने आतील स्थिती बाहेर दाखवावी आणि अडकलेल्यांशी बोलून त्यांना वाट सांगावी, अशी ती योजना होती.

आपल्या मुंबईनेही या दिशेने एक पाऊल टाकले आहे. २२ जुलै २०१९ रोजी वांद्र्याच्या दूरध्वनी निगमाच्या नऊमजली इमारतीस आग लागली, तेव्हा मुंबई अग्निशमन दलाने आपला यंत्रमानव प्रथमच कामास लावला. गच्चीवर अडकलेल्या ८४ जणांची त्या दिवशी सुटका झाली. मात्र हे नीट ध्यानी घ्यावे, की तो यंत्रमानव पाण्याचा मारा करण्यासाठी होता. माणसांना शिडीवरून हात धरून खाली आणले ते अग्निशमन दलाच्या जवानांनीच. वाट दाखवणारे यंत्रमानव अजून प्रामुख्याने प्रयोगांच्या व चाचण्यांच्या टप्प्यात आहेत.

अटलांटातील प्रयोग

यंत्र वाट दाखवील, हे एक वेळ मान्य करू. पण माणसे त्याच्यामागून जातील काय? अमेरिकेतील अटलांटा येथील जॉर्जिया टेक या संस्थेतील पॉल रॉबिनेट, अलन वॅग्नर, आयाना हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावण्याचे ठरवले. त्यांचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रयोगासाठी ४२ स्वयंसेवक घेतले होते. त्यांत बहुतेक महाविद्यालयीन विद्यार्थी होते. प्रत्येकाला सांगितले जाई, की या यंत्रमानवामागून सभेच्या खोलीत जा आणि तेथे एक प्रश्नावली भरून द्या. काहींना त्या यंत्राने सरळ नेले. काहींना मात्र ते आधी भलत्याच खोलीत घेऊन गेले आणि तेथे त्याने दोन गिरक्या घेतल्या. काहींच्या बाबतीत ते मध्येच थबकले आणि ते बिघडले असल्याचे सांगण्यात आले. मग खोलीचे दार लोटले गेले, बाहेरच्या वाटेत कृत्रिम धूर सोडण्यात आला आणि धोक्याची घंटा घणघणू लागली. दार उघडून पाहावे तो समोर धूर, आणि त्या धुरात तांबडे दिवे लावून, हात करून दिशा दाखवीत उभा असलेला तोच यंत्रमानव!

ज्या दाराने हे लोक आत आले होते, त्यावर बाहेर जाण्याची खूण स्पष्ट होती. यंत्रमानव मात्र दुसऱ्याच, अनोळखी वाटेकडे बोट दाखवीत होता. काही थोडे शहाणे आपल्या ओळखीच्या दाराने जातील, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. परंतु मुख्य प्रयोगातील २६ च्या २६ माणसे यंत्रमानवामागून गेली! ज्यांनी पाच मिनिटांपूर्वी त्याला चुकताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, तीसुद्धा गेली. पूरक चाचण्यांत यंत्राने सामानाने अडवलेल्या अंधाऱ्या खोलीकडे खूण केली, तरीही काहींनी त्याचेच ऐकले.

माणसे यंत्रावर विश्वास ठेवणार नाहीत, अशी धास्ती घेऊन संशोधक निघाले होते. प्रत्यक्षात नेमके उलट घडले. संकटात मनुष्य इतका आधार शोधतो, की जो कोणी दिवा घेऊन उभा असेल, त्याच्यामागे तो निघतो. दिवा धरणाऱ्याला वाट ठाऊक आहे की नाही, हे विचारण्याचेही त्याला भान राहत नाही.

देवगिरीची अंधारी

हे सत्य शिकण्यासाठी अटलांटापर्यंत जाण्याची खरे तर आपल्याला गरज नाही. आपल्या शहरापासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला उभा आहे. त्याच्या पोटातील अंधारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचे वेगळे वर्णन करावयास नको. डोंगर कोरून केलेली ती वळणावळणाची, मिट्ट काळोखाची वाट. पायऱ्या मुद्दाम उंचसखल. हात पुढे करावा, तर हातही दिसू नये. शत्रू आत शिरला, की चाचपडत चाचपडत जेथे अंधुक उजेड दिसेल तिकडे वळे. आणि तो उजेडच त्याला खंदकाच्या कड्यावर नेऊन सोडी, असे तेथील वाटाडे सांगतात. वरच्या तोंडाशी निखारे पेटवून आतल्यांना धुराने कोंडण्याचीही सोय होती.

पाहा, किती मोठी गोष्ट आहे ही! धूर, काळोख आणि खोटा उजेड या तीन गोष्टींनी मनुष्याचा घात होतो, हे देवगिरीच्या दुर्गरचनाकारांनी जाणले होते आणि त्या ज्ञानाचा त्यांनी संरक्षणार्थ उपयोग केला. त्याच अंधारीतून पाहुण्यांना हाती मशाल घेतलेले वाटाडे पिढ्यान् पिढ्या सुखरूप नेत आले. मशालही उजेडच आणि खंदकाकडचा झरोकाही उजेडच. भेद उजेडात नाही. उजेड दाखवणाऱ्याला वाट ठाऊक आहे की नाही, यात आहे.

याच देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या चरणी पैठणचे नाथमहाराज बालवयात आले आणि गुरुसेवेत रमले. नाथांची गुरुनिष्ठा आपण नित्य आठवतो. पण आपल्या संतांनी निष्ठेबरोबर पारखही शिकवली, हे मात्र पुष्कळदा विसरतो. मराठवाड्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूची लक्षणे सांगताना, कोणाला गुरू करावे याबरोबरच कोणाला करू नये, हेही रोखठोकपणे सांगितले. श्रद्धा ही डोळे उघडे ठेवून करावयाची गोष्ट आहे. परमार्थाच्या मार्गदर्शकाला जी कसोटी, ती धुरात वाट दाखवणाऱ्या यंत्राला का नसावी?

चोपदाराचा दंड

खरा वाटाड्या कसा असतो, याचे एक उदाहरण आपल्या नित्य पाहण्यातले आहे. आषाढीच्या वारीत माउलींच्या पालखीतळावर समाजआरतीच्या वेळी हजारो टाळ-मृदंगांचा एकच कल्लोळ चाललेला असतो. चोपदार आपला दंड वर करतो आणि अवघा समुदाय क्षणात निःशब्द होतो. तेथे ना पोलिसांची शिट्टी, ना लाठी. ही किमया त्या दंडाच्या चांदीत नाही. ती पिढ्यान् पिढ्यांच्या सरावात आहे. प्रत्येक दिंडीला आपला क्रमांक ठाऊक असतो, रथापुढची कोण आणि रथामागची कोण हे ठरलेले असते आणि प्रत्येक वारकऱ्याला आपली दिंडी ठाऊक असते. पैठणहून नाथांची पालखी पंढरीला निघते, तीही अशाच शिस्तीने.

या शिस्तीत दोन तत्त्वे आहेत. पहिले हे, की वाटाड्याची ओळख संकट येण्यापूर्वी झालेली असते. दुसरे हे, की आज्ञा देणारा एकच असतो आणि तो स्वतः त्या वाटेने अनेकदा चाललेला असतो. यंत्रमानवाला वाटाड्या करावयाचे असेल, तर त्याला याच दोन कसोट्या लावाव्या लागतील. ज्या इमारतीत तो ठेवायचा, तेथील माणसांसमवेत त्याची वारंवार रंगीत तालीम झाली पाहिजे. त्याच्या मागे अग्निशमन दलातील जाणता, जबाबदार माणूस असला पाहिजे. आणि ज्या यंत्रात बिघाड असेल, त्याने दिवा लावून उभे राहता कामा नये. ते नजरेआड केलेले बरे. मुके यंत्र निरुपयोगी असेल, पण चुकीची वाट दाखवणारे यंत्र घातक आहे.

आपल्या यात्रांसाठी

महाशिवरात्रीला वेरूळच्या घृष्णेश्वराला, हनुमान जयंतीला व श्रावणी शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला, नाथषष्ठीला पैठणला, नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीला भाविकांचा महापूर लोटतो. २०२७ च्या सिंहस्थ पर्वण्या तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या. तेथे चाकांचा यंत्रमानव गर्दीत सोडून भागणार नाही. जुन्या दगडी मंदिरांचे उंबरे उंच, दारे लहान, पायऱ्या झिजलेल्या. दाटीत तो स्वतःच अडथळा ठरेल. रुग्णालयाचे लांब मार्ग, भुयारी रेल्वेची स्थानके, मोठी वसतिगृहे ही त्याची खरी क्षेत्रे होत.

यात्रेत यंत्राचे स्थान गर्दीच्या वर आहे. उंचावरचे कॅमेरे व उडती ड्रोन यंत्रे दाटी कोठे वाढते आहे, हे आधीच सांगू शकतात. प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात असे कॅमेरे मोठ्या प्रमाणावर लावले होते. तरीही २९ जानेवारी २०२५ रोजी मौनी अमावास्येच्या पहाटे तेथे चेंगराचेंगरी झाली आणि शासनाच्या घोषणेनुसार ३० भाविक मृत्युमुखी पडले. यावरून बोध घ्यायचा तो एवढाच, की यंत्राने पाहिले म्हणून काम संपत नाही. पाहिलेले योग्य माणसाला वेळेवर कळले पाहिजे, त्याने मागची रीघ तत्काळ थांबवली पाहिजे आणि त्याचा आवाज लोकांनी ओळखला पाहिजे. येण्याची व जाण्याची वाट वेगळी असणे, पायऱ्या कोरड्या असणे, दुसरे दार कुलपाविना असणे, या साध्या गोष्टींची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही.

घराघरांतील विवेकदीप

मग आपण गृहस्थाश्रमी माणसांनी काय करावे? पहिली गोष्ट, कोणत्याही मंदिरात, मंगल कार्यालयात, नाट्यगृहात पाऊल टाकताच बाहेर पडण्याची दुसरी वाट कोठे आहे, हे पाहून ठेवावे. संकटात बहुतेक माणसे आल्या दाराकडेच धावतात आणि तेथेच कोंडी होते. घरातील लेकराबाळांना ‘दुसरे दार कोठे आहे?’ हा प्रश्न खेळ म्हणून विचारावा. मुले तो आनंदाने खेळतात.

धूर कोंडला, तर खाली वाकून वा रांगत निघावे, कारण गरम धूर वर जातो आणि त्यातल्या त्यात श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत राहते. आगीत उद्वाहन वापरू नये, जिना धरावा. गर्दीत रेटा आला, तर पडलेली वस्तू उचलण्यास वाकू नये, दोन्ही हात छातीपुढे धरून श्वासापुरती जागा राखावी, रेट्याविरुद्ध झगडू नये आणि जोर ओसरताच तिरके तिरके सरकत कडेला यावे. यात्रेला निघतानाच, चुकामूक झाल्यास कोठे भेटायचे ते ठिकाण ठरवावे आणि मुलांच्या व वृद्धांच्या खिशात घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. खात्री केल्याविना आरोळी ठोकू नये आणि ऐकलेली आरोळी पुढे पाठवू नये. साहाय्यासाठी १०१ अथवा ११२ हे क्रमांक घरातील थोरामोठ्यांस पाठ असावेत.

उद्या आपल्या शहरातील एखाद्या इमारतीत तांबडे दिवे लावलेला यंत्रमानव खरोखरच उभा राहील आणि कोणाचे तरी प्राण वाचवील. त्याचे आपण स्वागतच करू. परंतु त्याच्यामागून पाऊल उचलण्यापूर्वी, ही वाट खरोखर बाहेर जाते काय, एवढा प्रश्न मनाशी विचारण्याची सवय आपल्याला असली पाहिजे. ती सवय ऐन धुरात लागत नाही. शांत, मंगल दिवशीच लावून घ्यावी लागते. यमदीप उंबऱ्यावर ठेवताना घरातील सर्वांनी क्षणभर एकत्र यावे, आपल्या घराची, आपल्या देवळाची, आपल्या गल्लीची दुसरी वाट एकमेकांना सांगावी. अपमृत्यू टळो, ही प्रार्थना देवाच्या चरणी. आणि तो टाळण्याचा यत्न आपल्या हाती. असा विवेकाचा एक दिवा या दीपावलीत घरोघरी लागो.